हवेतलं वजन, पाण्यातलं वजन

सोनाराच्या दुकानातली झाडलोट एकेकाळी फुकट जात नसे. ती विकत घेणारी माणसं होती. जुन्या सराफपेठांत त्यांना झारेकरी म्हणत. उंबऱ्याजवळची धूळ, भट्टीतली राख, मोरीतला गाळ ते गोळा करत, पाण्यात घोळवत आणि वरचं गढूळ पाणी हलक्या हाताने ओतून देत. पुन्हा पाणी, पुन्हा घोळवणं. राख आणि माती वाहून जाई, तळाशी काळपट रेती उरे आणि त्या रेतीत डोळ्यांना जेमतेम दिसतील असे सोन्याचे कण.

या कामात सोन्याचा रंग, चमक, बाजारभाव यांतलं काहीही झारेकऱ्याच्या मदतीला येत नव्हतं. मदत करत होता तो सोन्याचा एकच गुण. मातीतल्या वाळूच्या कणांचा एक भरीव घन सेंटिमीटर घेतला तर तो सुमारे २.६५ ग्रॅम भरतो. तेवढंच सोनं १९.३ ग्रॅम भरतं. हा झाला सातपटीचा फरक. पाण्यात तो आणखी वाढतो, कारण बुडालेल्या प्रत्येक वस्तूचं वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतकं कमी होतं. दोन्हींतून एकेक ग्रॅम वजा केला की उरतात १.६५ आणि १८.३. म्हणजे पाण्याखाली सोन्याचा कण आपल्याएवढ्याच वाळूच्या कणापेक्षा अकरा पट जड असतो. झारेकऱ्याचा सगळा उद्योग या अकरापटीवर चालत असे.

ठरावीक आकारमानात किती वस्तुमान सामावलं आहे, ते घनता सांगते. पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला १ ग्रॅम. यापुढे घन आणि द्रव पदार्थांचे जे आकडे येतील ते याच मापात आहेत. शाळेत हा धडा एका सूत्रात आटोपतो: वस्तुमान भागिले आकारमान. पण त्या भागाकारातून जो आकडा निघतो, त्यात पदार्थाच्या आतल्या दोन गोष्टी एकत्र नोंदवलेल्या असतात. अणू कोणते आहेत, ही एक. आणि ते किती जवळजवळ बसले आहेत, ही दुसरी. या दोन गोष्टी एका आकड्यातून वेगळ्या काढायला माणसाला सुमारे नऊशे वर्षं लागली, आणि त्या वाटेवर काही मूलद्रव्यांचे शोधही लागले.

अठरा पदार्थ आणि एक शंकू

घनता मोजताना अडचण वजनाची नसते, आकारमानाची असते. वेड्यावाकड्या खड्याचं आकारमान पट्टीने मोजता येत नाही. भारताविषयीच्या ग्रंथामुळे आपल्याकडे माहीत असलेला विद्वान अल्-बिरूनी (९७३ ते सुमारे १०५०) याने त्यासाठी शंकूच्या आकाराचं भांडं बनवलं. त्याला वर अरुंद मान आणि मानेला एका बाजूने खाली झुकलेली नळी होती. भांडं नळीच्या तोंडापर्यंत पाण्याने भरायचं, खडा अलगद आत सोडायचा आणि नळीतून बाहेर पडलेलं पाणी तोलायचं. मान अरुंद असल्यामुळे छोट्याशा खड्यानेही पाण्याची पातळी चांगली वर चढे आणि मोजणी बारकाईने होई.

या भांड्याने त्याने अठरा धातू आणि रत्नं मोजली. धातूंची तुलना सोन्याशी केली, रत्नांची नीलमशी. सोनं, पारा, तांबं यांची त्याची मापं आजच्या आकड्यांच्या इतकी जवळ आहेत की त्याच्या हाताच्या स्थिरतेचं आश्चर्य वाटतं. पुढे ११२१ मध्ये अल्-खाझिनीने तराजूशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात ही मापं जपून ठेवली.

आजची सोपी रीत म्हणजे तोच विचार उलट बाजूने. खडा आधी हवेत तोलायचा, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोलायचा. समजा, हवेत तो ५३ ग्रॅम भरला आणि पाण्यात ३३ ग्रॅम. कमी झालेले २० ग्रॅम म्हणजे २० घन सेंटिमीटर पाण्याचं वजन, आणि तेवढंच खड्याचं आकारमान. ५३ भागिले २०, उत्तर २.६५. ही गारगोटी, म्हणजेच क्वार्ट्झ, असण्याची दाट शक्यता आहे.

रत्नपारख्यांना हा आकडा आजही उपयोगी पडतो, कारण त्यासाठी खडा फोडावा, घासावा किंवा तापवावा लागत नाही. हिऱ्याची घनता ३.५२. त्याची नक्कल करणाऱ्या क्युबिक झिर्कोनियाची ५.६ ते ६. त्यामुळे एक कॅरेट, म्हणजे २०० मिलिग्रॅम, हिऱ्याच्या मापाचा झिर्कोनिया सुमारे १.६ ते १.७ कॅरेट भरतो आणि काट्यावर ठेवताच पकडला जातो. मॉइसानाइट ही दुसरी नक्कल ३.२२ घनतेची. मिथिलीन आयोडाइड या ३.३२ घनतेच्या द्रवात ती तरंगते आणि हिरा बुडतो.

मात्र एकट्या घनतेवर कुणी निकाल देत नाही. बिनरंगी टोपाझची घनता ३.५३ च्या आसपास असते, हिऱ्याला चिकटूनच. तिथे कठिणपणा आणि प्रकाशाचं वक्रीभवन पाहावं लागतं. सोन्याच्या बाबतीत तर निसर्गानेच एक जोडीदार तयार ठेवला आहे. टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याची १९.३. सोन्याच्या लगडीच्या पोटात टंगस्टन दडवला, तर पाण्यातलं वजनही फसवतं. म्हणून मोठ्या लगडी आता ध्वनिलहरींनी तपासतात. तांबं किंवा चांदी मिसळली असेल तर मात्र घनता लगेच बोलते. ९१६ शिक्क्याचं, म्हणजे २२ कॅरेटचं, सोनं मिश्रणातल्या धातूनुसार १७.६ ते १८ भरतं, आणि १८ कॅरेटचं १५ ते १६.

जड अणू आणि आटोपशीर अणू

अणू जितका जड तितका धातू जड, असं सहज वाटतं. आवर्तसारणीच्या चौथ्या ओळीत हा समज टिकत नाही. ओळ सुरू होते पोटॅशियमपासून, घनता ०.८६. पाण्याहून हलका असा हा धातू. पुढे कॅल्शियम १.५५, स्कँडियम २.९९, टायटॅनियम ४.५, लोखंड ७.८७ आणि तांबं ८.९६. पोटॅशियमपासून तांब्यापर्यंत अणुभार ३९ वरून साधारण ६४ वर जातो, म्हणजे दुप्पटही होत नाही. घनता मात्र दहापट होते. आणि नंतर ती उतरू लागते: जस्त ७.१४, गॅलियम ५.९१, जर्मेनियम ५.३२. अणू जड होत चालले आहेत आणि धातू हलके!

याचं उत्तर अणूच्या आकारात आहे. पोटॅशियमचा सर्वांत बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर आणि सैल बांधलेला असतो, त्यामुळे अणू ऐसपैस जागा अडवतो. ओळीत पुढे जाताना केंद्रकातले प्रोटॉन वाढत जातात, इलेक्ट्रॉन आत खेचले जातात, शेजारच्या अणूंमधले बंधही घट्ट होतात. तांब्याच्या पुढे बंधांची जातच बदलते. गॅलियम आणि जर्मेनियमचे अणू दाटीने रचले जात नाहीत, मोकळ्या रचनेत बसतात. १८७० मध्ये लोथर मायर या जर्मन शास्त्रज्ञाने मूलद्रव्यांच्या अणूंनी व्यापलेल्या आकारमानाचा आलेख काढला, तेव्हा त्यात लाटांसारखे चढउतार उमटले. आवर्तसारणीच्या बाजूचा तो मोठा पुरावा ठरला.

सगळ्यांत घन मूलद्रव्य कोणतं, याचं उत्तरही या आकारातच आहे. बोलीभाषेत जडपणाचा मान शिशाला मिळतो. शिशाचा अणू २०७ वजनाचा, ऑस्मियमचा १९०. तरी शिशाची घनता ११.३४ आणि ऑस्मियमची त्याच्या जवळजवळ दुप्पट, २२.५९. शेजारचं इरिडियम २२.५६ वर आहे. दोघांतला फरक इतका निसटता आहे की पहिला क्रमांक कुणाचा, याचा निवाडा क्ष-किरणांनी अणूंमधली अंतरं मोजून, हिशेबाने करावा लागला.

ऑस्मियमचा अणू इतका आटोपशीर होतो, त्याला त्याच्या आधीची चौदा मूलद्रव्यं कारण आहेत. लॅन्थॅनमनंतरच्या या मूलद्रव्यांत नवे इलेक्ट्रॉन आतल्या कक्षेत भरले जातात आणि केंद्रकाचं आकर्षण नीट अडवू शकत नाहीत. त्यामुळे अणू आक्रसत जातो. या आक्रसण्याचा सर्वांत बोलका परिणाम झिर्कोनियम आणि हाफ्नियम या जोडीत दिसतो. दोघांचे अणू आकाराने जवळजवळ सारखे, वजनं मात्र ९१ आणि १७८. घनता अनुक्रमे ६.५ आणि १३.३. आकार सारखा असल्यामुळे हाफ्नियमचा अणू झिर्कॉन या खनिजात झिर्कोनियमच्या जागी बिनबोभाट बसतो, आणि रासायनिक गुणही जुळते असल्यामुळे तो तिथे दीर्घकाळ लपून राहिला. १९२३ मध्ये कोपनहेगन इथे कोस्टर आणि हेवेशी यांनी नॉर्वेतल्या झिर्कॉनवर क्ष-किरणांचा प्रयोग करून त्याला बाहेर काढलं.

मांडणीचा हिशेब

खनिजात मूलद्रव्यं एकटी नसतात, ठरावीक प्रमाणात आणि ठरावीक रचनेत बांधलेली असतात. तिथे घनतेचे दोन्ही घटक स्वच्छ वेगळे दिसतात.

सल्फेट खनिजांचं एक कुटुंब आहे: सेलेस्टाइन, बॅराइट आणि अँग्लेसाइट. तिघांची स्फटिकरचना एकाच साच्यातली, फक्त धातू वेगळा. सेलेस्टाइनमध्ये स्ट्राँशियम (अणुभार ८८), बॅराइटमध्ये बेरियम (१३७), अँग्लेसाइटमध्ये शिसं (२०७). घनता ३.९७, ४.५ आणि ६.३ च्या आसपास. पहिली पायरी लहान आणि दुसरी मोठी का? बेरियमचा आयन स्ट्राँशियमहून बराच मोठा असतो, त्यामुळे वाढलेलं वजन वाढलेल्या जागेत विभागलं जातं. शिशाचा आयन बेरियमपेक्षा जड असूनही किंचित लहान आहे. वजन वाढलं, जागा नाही. घनतेने उडी घेतली.

ऑलिव्हिन या हिरवट खनिजात तर घनता थेट मिश्रणाचं प्रमाण सांगते. निव्वळ मॅग्नेशियमचं ऑलिव्हिन ३.२७, निव्वळ लोखंडाचं ४.३९, आणि निसर्गात सापडणारे नमुने बहुधा यांच्या मधले कुठले तरी. घनता मोजली की लोखंडाचा वाटा किती, याचा चांगला अंदाज येतो.

आता अणू तेच ठेवून मांडणी बदलली तर काय होतं? ग्रॅफाइट आणि हिरा दोन्ही निखळ कार्बन. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे पातळ थर एकमेकांपासून सैल अंतरावर असतात, घनता सुमारे २.२. हिऱ्यात प्रत्येक अणू चारी बाजूंनी घट्ट बांधलेला, घनता ३.५२. क्वार्ट्झचं उदाहरण याहून नाट्यमय आहे. प्रचंड दाबाखाली २.६५ घनतेच्या क्वार्ट्झचं आधी २.९ घनतेचं कोएसाइट होतं, आणि दाब आणखी वाढला की ४.३ च्या आसपासचं स्टिशोव्हाइट. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं प्रमाण तिन्हींत एकच. स्टिशोव्हाइटमध्ये प्रत्येक सिलिकॉनभोवती चारऐवजी सहा ऑक्सिजन दाटीने बसवलेले असतात. ही दोन्ही खनिजं आधी प्रयोगशाळेत बनली, १९५३ आणि १९६१ मध्ये. नंतर ती अ‍ॅरिझोनातल्या उल्काविवरात सापडली आणि ते विवर आघातानेच बनलं, यावर शिक्कामोर्तब झालं. आपल्या लोणारचा खडक बेसॉल्टचा. त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नाही. तिथे आघाताची साक्ष फेल्डस्पार देतं. धक्क्याने त्याची स्फटिकरचना मोडली आणि त्याची मॅस्केलिनाइट नावाची काच झाली.

महाराष्ट्राच्या बेसॉल्टने दुसऱ्या टोकाची उदाहरणंही सांभाळली आहेत. पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर या भागांत विहिरी खोदताना, खाणींत सुरुंग लावताना खडकाच्या पोकळ्यांतून गुलाबी, पांढरे, हिरवट स्फटिक निघतात. त्यांतले पुष्कळसे झिओलाइट गटातले. बेसॉल्टची घनता २.९ च्या आसपास, गारगोटीची २.६५, आणि स्टिलबाइट या झिओलाइटची जेमतेम २.२. हाताला ते अपेक्षेपेक्षा हलकं लागतं. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यात मोकळे बोगदे असतात आणि त्यांत पाण्याचे रेणू वस्तीला असतात, म्हणून हा हलकेपणा. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हॅन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. त्यात व्हॅनेडियम आहे, आणि धातुरूपात व्हॅनेडियमची घनता ६ हून जास्त. तरी कॅव्हॅन्साइट २.२ ते २.३ वरच राहतं. एका जड धातूचा अख्खा प्रभाव मोकळ्या रचनेने पुसून टाकला आहे.

खनिजाची घनता आणि खडकाची घनता यांत गल्लत मात्र होऊ द्यायची नाही. कोकणातल्या जांभ्यात हेमॅटाइट आणि गोएथाइट ही लोखंडाची जड खनिजं भरपूर असतात. तरी जांभ्याचा चिरा तेवढ्याच मापाच्या काळ्या दगडापेक्षा हलका भरतो, कारण त्यात सर्वत्र भोकं आणि पोकळ्या असतात. चिऱ्यातली खनिजं जड, चिरा हलका. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी.

न पाहिलेल्या धातूची घनता

१८७१ मध्ये दमित्री मेंडेलीव्हने आवर्तसारणीतल्या रिकाम्या जागांबद्दल धाडसी भाकितं केली. अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या जागी एक अज्ञात मूलद्रव्य असणार, त्याचा अणुभार सुमारे ६८ आणि घनता ५.९ च्या आसपास असणार, असं त्याने लिहिलं. शेजाऱ्यांचे आकडे पाहून बांधलेला हा अंदाज होता.

चार वर्षांनी, ऑगस्ट १८७५ मध्ये, फ्रान्समधल्या लकॉक द ब्वाबोद्रानला पिरेनीज पर्वतातल्या पिएरफित खाणीच्या स्फॅलेराइटमध्ये, म्हणजे जस्ताच्या खनिजात, पूर्वी कधी न दिसलेल्या जांभळ्या वर्णरेषा दिसल्या. त्याने नव्या धातूला गॅलियम नाव दिलं, मोठ्या कष्टाने थोडासा धातू मिळवला आणि घनता मोजली: ४.७. मेंडेलीव्हला हे कळलं तेव्हा त्याने कळवलं की हा आपणच वर्तवलेला धातू आहे, पण त्याची घनता ५.९ च्या जवळ यायला हवी. नमुना पुन्हा शुद्ध करावा. ज्याने धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता तो, ज्याने तो हातात धरला होता त्याला, आकडा दुरुस्त करायला सांगत होता. लकॉकने नमुना पुन्हा शुद्ध केला आणि घनता पुन्हा मोजली. ती ५.९ निघाली.

१८८६ मध्ये हीच गोष्ट पुन्हा घडली. जर्मनीत फ्रायबर्गजवळच्या खाणीत अर्जिरोडाइट नावाचं चांदीचं नवं खनिज सापडलं होतं. क्लेमेन्स विंक्लरने त्याचं पृथक्करण केलं, तर घटकांची बेरीज शंभर भरेना. सुमारे सात टक्के हिशेबात येत नव्हते. त्या सात टक्क्यांतून त्याने जर्मेनियम बाहेर काढलं. मेंडेलीव्हचं भाकीत होतं: अणुभार ७२, घनता ५.५. आजची मापं आहेत ७२.६ आणि ५.३२.

पुढच्या शोधात तर घनता हाच एकमेव सुगावा होता. लॉर्ड रॅले वायूंच्या घनता अत्यंत काटेकोरपणे मोजत होता. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून टाकून मिळवलेला नायट्रोजन दर लिटरला १.२५७२ ग्रॅम भरला, आणि अमोनियासारख्या रसायनांपासून तयार केलेला १.२५०५ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या एखाद्याने तो मोजणीतली चूक म्हणून सोडून दिला असता. रॅलेने पुन्हा पुन्हा मोजलं, फरक हटला नाही. १८९२ मध्ये त्याने ‘नेचर’ नियतकालिकाला पत्र लिहून इतरांचा सल्ला मागितला. विल्यम रॅम्झी त्याच्याबरोबर कामाला लागला आणि १८९४ मध्ये दोघांनी जाहीर केलं की हवेतल्या नायट्रोजनमध्ये एक जड, निष्क्रिय वायू मिसळलेला आहे. तो अर्गॉन, दर लिटरला १.७८ ग्रॅम. हेन्री कॅव्हेंडिशला १७८५ मध्येच प्रयोगाअखेर हवेचा एक हट्टी बुडबुडा उरलेला दिसला होता. त्याची ओळख पटायला शतकाहून अधिक काळ गेला. रॅम्झीने मग अर्गॉन खनिजांतही असेल का, म्हणून युरेनियमयुक्त क्लेव्हाइट हे खनिज घेतलं आणि १८९५ मध्ये त्यातून निघालेल्या वायूत त्याला हेलियम सापडला. १९०४ मध्ये रॅलेला भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झीला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

लाटा आणि नद्या काय निवडतात

प्रयोगशाळेत जे काम तराजू करतो, ते वाहतं पाणी सतत करत असतं. रत्नागिरीजवळ काळबादेवीसारख्या किनाऱ्यांवर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. ती काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइटची, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडची आहे, घनता ४.७. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजतो, नद्या त्याचा चुरा समुद्रात आणतात, आणि लाट परत फिरताना हलके कण ओढून नेते. सुपात धान्य पाखडताना वारा जे करतो, ते इथे पाणी करतं. जड कण जागेवर राहतात आणि वर्षानुवर्षं साठत जातात.

केरळच्या किनाऱ्यावर हेच मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. त्रावणकोरहून युरोपात जाणाऱ्या काथ्याला वाळू चिकटलेली असे. १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्या वाळूत मोनाझाइट सापडलं, घनता ५ च्या आसपास. त्यातल्या थोरियमला तेव्हा गॅसबत्तीच्या जाळ्यांसाठी मोठी मागणी होती. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, या वाळूसाठी इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. वाळूतली खनिजं वेगळी करताना आधी घनतेच्या जोरावर क्वार्ट्झ बाजूला काढतात. पण इल्मेनाइट, झिर्कॉन आणि मोनाझाइट यांच्या घनता इतक्या लगतच्या आहेत की पुढे चुंबक आणि विद्युतभार यांची मदत घ्यावी लागते. कृष्णेच्या खोऱ्यातले हिरेही असेच गोटे-वाळूच्या थरांत जमा झालेले होते, कारण ३.५२ चा हिरा २.६५ च्या वाळूच्या आधी तळ गाठतो.

घनतेचा सरळ, धंदेवाईक उपयोग पाहायचा तर बॅराइटकडे पाहावं. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेट इथे त्याच्या जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक साठा आहे. दिसायला साधा पांढरा-करडा दगड, पण हातात घेताच चमकवणारा, कॅल्साइट २.७१ तर हा ४.५. तेलविहीर खोदताना खोलवरचा वायू आणि तेल प्रचंड दाबाने वर उसळू पाहतात. त्यांना दाबून धरायला विहिरीत चिखलाचा स्तंभ उभा ठेवतात, आणि तो पुरेसा जड व्हावा म्हणून त्यात बॅराइटची पूड मिसळतात. बॅराइट मऊ असल्यामुळे यंत्रांना घासत नाही, आणि पाण्यात किंवा तेलात विरघळत नाही.

पृथ्वीच्या पोटात

हवेचा हट्टी बुडबुडा पाहणाऱ्या कॅव्हेंडिशनेच १७९८ मध्ये पृथ्वीची घनता मोजली. तारेला टांगलेल्या दांडीच्या टोकांवरचे छोटे गोळे शिशाच्या मोठ्या गोळ्यांकडे किती खेचले जातात, हे त्याने बंद खोलीबाहेरून दुर्बिणीने पाहिलं, आणि हिशेब करून आकडा काढला: पाण्याच्या ५.४८ पट. आजचा आकडा ५.५१. पायाखालचे खडक तर २.७ ते ३ च्या घरातले. मग उरलेलं वजन कुठे आहे? खोलवर काहीतरी फार घन असलंच पाहिजे, हे या एका भागाकारातून सिद्ध झालं. पुढे लोखंडी अशनी आणि भूकंपलहरी यांच्या आधाराने लोखंड-निकेलच्या गाभ्याचं चित्र पक्कं झालं. भूकंपलहरी हेही सांगतात की बाह्य गाभा त्या दाबाखालच्या शुद्ध लोखंडापेक्षा थोडा हलका आहे. म्हणजे त्यात गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन यांसारखी हलकी मूलद्रव्यं मिसळलेली असावीत. त्यांतलं कोणतं किती, यावर संशोधन चालू आहे.

यावरून पृथ्वी वितळलेली असताना जड मूलद्रव्यं बुडाली आणि हलकी तरंगली, असं चित्र मनात उभं राहतं. ते अपुरं आहे. सोनं आणि युरेनियम यांची घनता जवळपास सारखी: १९.३ आणि १९.०५. पृथ्वीवरचं बहुतेक सोनं गाभ्यात गेलं. युरेनियम मात्र वर, कवचातल्या ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांत एकवटलं. झारखंडमधल्या जादूगुडाच्या खाणी कवचातल्या खडकांतच आहेत. सोन्याला द्रव लोखंडाची संगत मानवते. युरेनियम ऑक्सिजनशी बांधलं जातं, आणि त्याचा मोठा आयन खोलवरच्या घट्ट खनिजांत सामावत नाही, म्हणून ते खडकाच्या रसाबरोबर वर येतं. कोणतं मूलद्रव्य लोखंडाकडे जातं, कोणतं ऑक्सिजनकडे आणि कोणतं गंधकाकडे, ही वर्गवारी व्हिक्टर गोल्डश्मिटने १९२० च्या दशकात मांडली. अणू एकटा पडून बुडत नाही. तो ज्या खनिजात किंवा द्रवात बांधला गेला आहे, त्याच्या घनतेनुसार खाली-वर जातो.

आता घनतेचा असाच एक प्रश्न अवकाशात सोडवला जाणार आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात सायकी नावाचा, सुमारे २२० किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आहे. रडारच्या लहरी तो धातूसारख्या परावर्तित करतो, म्हणून एखाद्या फुटलेल्या ग्रहाचा तो उघडा पडलेला लोखंडी गाभा असावा, अशी कल्पना पुढे आली. पण त्याची घनता मोजून पाहिली तर ती ४ च्या आसपास येते. लोखंडासाठी हा आकडा फार कमी आहे आणि साध्या दगडासाठी जास्त. एक तर तो पोकळ्यांनी भरलेला लोखंडाचा ढिगारा असेल, किंवा धातू आणि खडक यांचं मिश्रण. ऑक्टोबर २०२३ मध्ये नासाचं यान त्याच्याकडे निघालं असून २०२९ मध्ये ते तिथे पोहोचायचं आहे. यानाच्या कक्षेवर होणाऱ्या ओढीवरून सायकीचं वस्तुमान कळेल, छायाचित्रांवरून आकारमान, आणि गॅमा किरण व न्यूट्रॉन मोजणारी उपकरणं पृष्ठभागावरची मूलद्रव्यं सांगतील. पृष्ठभागावर लोखंड आणि निकेलच भरून असेल, तर कमी घनतेचा दोष पोकळ्यांवर जाईल. सिलिकॉन आणि ऑक्सिजन मुबलक निघाले, तर सायकी हा गाभा होता ही कल्पना नव्याने तपासावी लागेल.